औपचारिक चामडी लोफर: गुडइयर, ब्लेक की हातशिलाईचा मोकॅसिन?

नाडीचा बूट थोडा सैल निघाला तर नाडी आवळून वेळ मारून नेता येते. लोफर म्हणजे बिननाडीचा, नुसता पाय सरकवून घालायचा बूट; त्यात ती सोय नाही. पाऊल जागेवर धरण्याचे काम तिथे तीनच ठिकाणी होते: पावलाच्या पाठीवर टेकणारी पट्टी, टाचेभोवतीची कड आणि चवड्याचा सर्वांत रुंद भाग. त्यामुळे नाडीच्या बुटात वर्षानुवर्षे नीट बसलेला नंबर लोफरमध्ये टाच सोडतो, आणि उत्तम कातड्याचा, भरपूर पैसे मोजून घेतलेला जोड कपाटात पडून राहतो. म्हणून या वर्गातील बुटांची तुलना करताना कातडे आणि नाव यांच्या आधी फरमा, म्हणजे ज्या पावलाच्या आकाराच्या साच्यावर बूट चढवतात तो, पाहावा, असे माझे मत आहे. आणि त्यानंतर लगेच बांधणी पाहावी, कारण वापरून बूट किती सैल होणार हे बरेचसे बांधणीच ठरवते.

महागड्या औपचारिक लोफरमध्ये निवड सहसा तीन घराण्यांत होते. पहिले इंग्लंड-फ्रान्सचे. त्यात नॉर्दॅम्प्टनचे क्रॉकेट अँड जोन्स (स्थापना १८७९) आणि एडवर्ड ग्रीन (१८९०) येतात, तसेच लिमोज येथील जे. एम. वेस्टन (१८९१) येते, ज्याचा १९४६ सालचा ‘१८०’ हा नमुना आजही त्या कारखान्याची ओळख आहे. या घराण्याची बांधणी गुडइयर वेल्ट, म्हणजे तळ मधल्या एका चामडी पट्टीला शिवण्याची पद्धत. दुसरे घराणे इटलीचे: बारीक तळ, सडपातळ बाह्यरेषा आणि बहुधा ब्लेक शिलाई, म्हणजे एकाच आरपार शिवणीने जोडलेला तळ. धातूची कडी मिरवणारा लोफर गुच्चीने १९५३ मध्ये आणला आणि इटालियन लोफर म्हटले की आजही तोच डोळ्यांपुढे येतो. तिसरे घराणे अमेरिकेतील मेन राज्याचे. तिथल्या जी. एच. बासने १९३६ मध्ये ‘वीजन’ हा लोफर बाजारात आणला, आणि हाताने शिवलेल्या मोकॅसिनची ती परंपरा लुइस्टनच्या रँकोर्टसारख्या कारखान्यांनी चालू ठेवली आहे. मॅसॅच्युसेट्सचे ॲल्डन (१८८४) मात्र मधोमध उभे आहे, कारण त्याच्या प्रसिद्ध लोफरचा पुढचा भाग हाताने शिवलेला असला तरी तळ गुडइयर पद्धतीने जोडलेला असतो.

गुडइयर बांधणीत आतल्या तळाच्या खालच्या बाजूला कापडी पट्टीचा उभा कणा चिकटवलेला असतो. वरचे कातडे, अस्तर आणि वेल्ट नावाची चामडी पट्टी या कण्याला एकत्र शिवतात आणि बाहेरचा तळ नंतर वेगळ्या शिवणीने त्या पट्टीला जोडतात. कण्यामुळे मध्ये जी पोकळी राहते ती बुचाच्या थराने भरलेली असते. पहिल्या काही आठवड्यांत वजनाखाली हा थर दबतो, आतला तळ पावलाचा ठसा घेतो आणि पाऊल बुटात किंचित खाली बसते. पावलाखाली जागा वाढली की पाठीवरची पट्टी सैल पडते. दुकानात अगदी आरामशीर वाटलेला गुडइयर लोफर दोन महिन्यांत टाचेवर फटफट वाजू लागतो, याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते. या बांधणीचा लोफर सुरुवातीला घट्टच हवा. बोटांवर नव्हे, तर पावलाच्या पाठीवर आणि चवड्याच्या दोन्ही बाजूंना. कोऱ्या बुटाचा तळ ताठ असल्यामुळे पहिल्या दिवसांत टाच थोडी उचलली जाते आणि तिला घाबरण्याचे कारण नाही, कारण तळ पावलाबरोबर वाकू लागला की ती बसते. मात्र टाच उचलली जात असतानाच पट्टीही सैल वाटत असेल आणि घोट्याखालच्या कडेला बाजूने फट दिसत असेल, तर तो नंबर किंवा तो फरमा आपला नाही, असे समजून जोड परत ठेवावा.

ब्लेक शिलाईत, जिचे पेटंट लायमन ब्लेक यांनी १८५८ मध्ये घेतले, एकच शिवण आतला तळ, वरच्या कातड्याची दुमडलेली कड आणि बाहेरचा तळ यांच्या आरपार जाते. कणा नाही, वेल्ट नाही आणि बुचाचा जाड थरही नाही. असा बूट पहिल्या दिवसापासून वाकतो, वजनाला हलका असतो आणि खाली फारसा बसत नाही. म्हणजे दुकानात जे जाणवते ते बरेचसे तसेच राहते. फरक पडतो तो चवड्याशी कातडे ताणल्यामुळे, तेवढाच. त्यामुळे गुडइयरच्या हिशेबाने ब्लेकचा जोड मुद्दाम घट्ट घेणे चुकीचे ठरते, आणि खरेदीचा सल्ला देणारे अनेकजण नेमकी हीच गल्लत करतात. ब्लेकच्या या हलकेपणाची किंमत मात्र दोन ठिकाणी मोजावी लागते. टाके थेट आत येत असल्यामुळे ओल्या रस्त्यावर पाणी शिवणीतून लवकर झिरपते, आणि दिवसभर कठीण फरशीवर उभे राहायचे असेल तर पातळ तळाखालची फरशी संध्याकाळपर्यंत पायाला जाणवू लागते.

अस्सल मोकॅसिनमध्ये कातड्याचा मुख्य तुकडा पावलाच्या खालून येऊन दोन्ही बाजूंनी वर चढतो आणि वरच्या छोट्या तुकड्याला हाताने शिवला जातो. पाऊल जणू झोळीत बसते. त्यात पुढे अस्तर नसेल तर आराम पहिल्याच तासात कळतो. पण हेच कातडे रुंदीत सर्वांत जास्त ताणते, पायाच्या गाठी आणि करंगळीचा सांधा महिनाभरात बाहेरून दिसू लागतात, आणि सुटाखाली हा बूट जरा सैलसर, सुट्टीच्या दिवसाचा वाटतो. ज्याला जाकीट आणि सुती पँट एवढीच औपचारिकता लागते त्याला हा दोष वाटणार नाही. ज्याला गडद सूट घालावा लागतो त्याला तो नक्की खटकेल.

इथे नंबरांविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण घोळ इथेच होतो. ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे ८.५ मिलिमीटर, आणि अर्धा नंबर सुमारे ४.२ मिलिमीटर. युरोपीय मापात एक नंबर ६.६७ मिलिमीटरचा. त्यामुळे अर्धे नंबर न देणाऱ्या युरोपीय कारखान्याच्या दोन शेजारच्या नंबरांमधली उडी ब्रिटिश अर्ध्या नंबराच्या दीडपटीहून मोठी असते, आणि नेमके आपले पाऊल त्या दोहोंच्या मध्ये पडण्याची शक्यताही तितकीच वाढते. रुंदीची अक्षरेही सगळीकडे सारखी नाहीत: एडवर्ड ग्रीन आणि क्रॉकेट अँड जोन्स यांची सर्वसाधारण रुंदी ‘ई’ आहे, तर ॲल्डनची ‘डी’, आणि तिथे ‘ई’ म्हणजे रुंद पाऊल. लोफर सैल आहे म्हणून लांबीचा नंबर उतरवला की अंगठा टोकाला लागतो, आणि तो त्रास कातडे कितीही मऊ झाले तरी जात नाही. त्यापेक्षा लांबी तीच ठेवून रुंदी एक पायरी कमी करणे केव्हाही बरे. अशा वेळी वेस्टन, ॲल्डन किंवा एडवर्ड ग्रीनसारखे एकाच लांबीत वेगवेगळ्या रुंदी देणारे कारखाने खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात, आणि त्यांना दिलेल्या जादा पैशाचे मला वाटणारे सर्वांत चांगले समर्थनही हेच आहे.

पावलाचा प्रकार पाहून निवड आणखी सोपी होते. पावलाची पाठ उंच असेल तर आडवी पट्टी शिवलेला पेनी लोफर तिथे काचतो. गोंड्याचा किंवा कडीचा लोफर, ज्याचे तोंड अधिक खुले कापलेले असते, तो बरा. पाऊल पातळ आणि पाठ सपाट असेल तर उलट, वर चढत जाणारा लांब पुढचा भाग आणि कमरेशी, म्हणजे पावलाच्या मधल्या भागाशी, आवळलेला फरमा लागतो. चवडा रुंद आणि टाच अरुंद असलेल्यांची अडचण सर्वांत मोठी. त्यांनी ब्लेकचे निमुळते इटालियन नमुने फार वेळ घालून पाहूच नयेत. थोडी सैली उरलीच तर टाचेत गादी चिकटवण्याचा मोह टाळावा, कारण ती पाऊल पुढे ढकलते. पट्टीच्या आतल्या बाजूला, जिभेखाली, लावलेली पातळ नमद्याची पट्टी पाऊल मागे टाचेत बसवते आणि सहसा तेवढ्याने काम भागते.

दर्जा तपासायला हातच पुरेसे आहेत. चवडा जिथे वाकतो तिथे कातडे हलकेच दाबून पाहावे: पूर्ण पोत राखलेल्या वासराच्या कातड्यावर केसासारख्या बारीक सुरकुत्या उठतात आणि बोट काढताच विरतात, घासून वर रंगाचा थर दिलेले कातडे मात्र जाड, मोठ्या घड्यांत मोडते, आणि त्या घड्या कायमच्या राहतात. मग पुढच्या भागावरची उभारलेली शिवण टोकापर्यंत डोळ्यांनी माग काढत पाहावी. वळणावर, जिथे कातडे चुणले जाते, तिथे टाक्यांचे अंतर तेच राहिले असेल आणि डाव्या-उजव्या बुटाची शिवण समोरून सारखी दिसत असेल, तर बाकीच्या कामावरही भरवसा ठेवता येतो. आत हात घालून आतल्या तळावर टाके लागले तर ब्लेक. लागले नाहीत आणि वेल्टवर शिवण असली तर बहुधा गुडइयर. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे की फक्त चिकटवलेल्या तळावर शोभेची शिवण मारलेले बूटही चढ्या भावाने विकले जातात.

कातड्याच्या निवडीचा फिटिंगशी थेट संबंध आहे. स्वेड, म्हणजे मखमली पोताचे कातडे, चांगले ताणते, वासराचे गुळगुळीत कातडे मध्यम, आणि घोड्याच्या मागच्या भागाच्या कातडीतील दाट थरापासून बनणारे कॉर्डोव्हन जवळजवळ नाहीच. शिकागोच्या हॉरवीन कारखान्यात (स्थापना १९०५) ते तयार व्हायला किमान सहा महिने लागतात; त्याला सुरकुत्यांऐवजी गोलसर लाटा पडतात आणि नीट निगा राखली तर ते वासराच्या कातड्याहून जास्त टिकते. परंतु घट्ट घ्या, पुढे सैल होईल, हा हिशेब त्याला निम्माच लागू पडतो: बूच दबेल, कातडे मात्र हलणार नाही.

टिकाऊपणात गुडइयर पुढे आहे, कारण झिजलेला तळ वेल्टपासून उसवून नवा लावताना वरच्या कातड्याला हात लागत नाही. ब्लेकचाही तळ बदलता येतो, पण त्याला खास यंत्र लागते आणि दर वेळी आतल्या तळाला नवी भोके पडतात. असे असूनही, आठवड्यातून एक-दोनदाच, बहुतेक वातानुकूलित खोल्यांत आणि सुटाबरोबर लोफर घालणाऱ्याने केवळ टिकाऊपणासाठी गुडइयरचा जडपणा पत्करावा असे मला वाटत नाही. त्याच्यासाठी उत्तम ब्लेक पुरेसा आहे आणि दिसायलाही अधिक देखणा. रोज घालणाऱ्याने मात्र वासराच्या गडद तपकिरी कातड्याचा, अस्तर असलेला गुडइयर घ्यावा, आणि जोड दिवसाआड वापरता येईल अशी व्यवस्था ठेवावी, म्हणजे आतला घाम सुकायला वेळ मिळतो.

घालून पाहण्याची वेळ दुपारनंतरची असावी, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात, आणि मोजे रोजच्या जाडीचेच असावेत. दोन्ही पावले सारखी नसतात, म्हणून मोठ्या पावलाला जोड बसवून लहान पावलाच्या बुटात नमद्याची पट्टी लावावी. दोन नंबरांच्या मध्ये अडकल्यास वासराच्या कातड्याच्या गुडइयरमध्ये आणि अस्तर नसलेल्या मोकॅसिनमध्ये लहान नंबर घ्यावा, कॉर्डोव्हनमध्ये मोठा. आणि ब्लेकमध्ये दोन्ही नंबर परत देऊन दुसऱ्या फरम्याचा बूट शोधावा.