टिळक आळीतलं कौलारू घर की नाचणे रोडचा फ्लॅट?

निवृत्तीनंतर रत्नागिरीत राहायला यायचं म्हटलं की दोन पर्याय हमखास समोर येतात. एक टिळक आळी, झाडगाव, मांडवी अशा जुन्या भागातलं कौलारू घर; दुसरा नाचणे, कुवारबावकडचा फ्लॅट. एकूण रक्कम जवळपास सारखी निघाली की माणूस गोंधळतो. पण त्या दोन रकमांत मोजलेली वस्तूच वेगळी असते.

फ्लॅटचा भाव चौरस फुटावर बोलला जातो. जुन्या घराची किंमत उक्ती सांगतात आणि ती गुंठ्यांवरून काढलेली असते (एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट). विकणारा जांभ्याच्या भिंतींचं आणि सागाच्या खांबांचं कितीही कौतुक सांगो, बँकेचा मूल्यांकनकार बांधकामावर घसारा लावतो आणि मुख्यतः जमिनीचेच पैसे धरतो. त्यामुळे कर्ज अपेक्षेपेक्षा कमी बसतं. मुद्रांक शुल्काचा नियम दोन्हीकडे एकच: करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारी दरपत्रकाची) किंमत, यांत जी जास्त तिच्यावर.

खरी अडचण मालमत्ता पत्रकावरच्या (प्रॉपर्टी कार्डावरच्या) मालकांच्या नावांत असते. मी पाहिलेल्या एका घराच्या पत्रकावर अकरा नावं होती. त्यातले दोघे हयात नव्हते, म्हणजे त्यांच्या वारसांच्या नोंदी आणखी वेगळ्या. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचाही मुलग्यांइतकाच हक्क आहे, तेव्हा आत्यांना विचारात न घेता झालेला सौदा पुढे कोर्टात जातो. ‘सध्या आमच्या तिघांचा हिस्सा घ्या, बाकीचे येतील मागून,’ असं कोणी म्हणालं तर चहा पिऊन उठावं. राहत्या घरातला अविभक्त हिस्सा परक्याने विकत घेतला, तर त्याला कुटुंबाबरोबर संयुक्त ताबा मागता येत नाही. संपत्ती हस्तांतरण कायद्याचं ४४ वं कलम तसंच आहे. घरातला गणपती पुढे कोणाकडे बसणार, हा प्रश्न तर कायद्याच्या बाहेरचाच, पण सही अडते ती बऱ्याचदा तिथेच.

जागा सात-बाऱ्यावर शेतजमीन म्हणून असेल तर शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. सिटी सर्व्हेतल्या, म्हणजे मालमत्ता पत्रक असलेल्या, घराला ती भानगड नाही. जुन्या आळीची ही एक मोठी सोय.

फ्लॅटचे कागद त्या मानाने सरळ. पण इमारत महारेराकडे (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) नोंदलेली आहे का ते बघा. जागा ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असल्या तर नोंदणीची सक्ती नाही, आणि आपल्याकडच्या लहान इमारती नेमक्या यात बसतात. बांधकाम चालू असेल तर जीएसटी धरा. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीत तो लागत नाही.

आता पाऊस. कौलारू घर दरवर्षी मे महिन्यात शाकारावं लागतं: फुटकी कौलं बदलायची, कुजलेल्या रिपा काढायच्या, पडवीला झडी (पावसाचे आडोसे) बांधायच्या. माणसं मिळणं हेच मुख्य काम, पैसे नंतर. पूर्वी चुलीच्या धुराने वासे काळे व्हायचे आणि कीड लांब राहायची. आता गॅस आला आणि वाळवीला मोकळं रान मिळालं. बंद घर तर दोन पावसाळ्यांत खचायला लागतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडात कौलं आणि पत्रे सारखेच उडाले, हेही लक्षात ठेवा.

स्लॅब म्हणजे निर्धास्त, असं मात्र नाही. रत्नागिरीत गच्चीवर पत्र्याची शेड का दिसते, ते वरच्या मजल्यावरच्या कोणालाही विचारा. खाऱ्या हवेने सळया गंजतात, पश्चिमेची भिंत ओल धरते. आणि एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघताना परसातली विहीर आठवते.

माझं मत विचाराल तर हिशोब पैशांपेक्षा दिवसांचा करा. वर्षातून दहा महिने तिथे राहणार, गुडघे ठीक आहेत (आळीतल्या काही घरांना पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरूनच जावं लागतं, गाडी वरच राहते) आणि पत्रकावर दोन-तीनच नावं आहेत, तर जुनं घर घ्या. ओटीवर बसण्याचं सुख फ्लॅटच्या बाल्कनीत येत नाही. गणपती, शिमगा आणि आंब्यापुरतंच यायचं असेल तर फ्लॅट बरा. कुलूप लावून निघता येतं, हीच त्याची खरी किंमत.

दोन्ही जागा जुलैत बघा. फ्लॅटमध्ये पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं कपाट सरकवायला सांगा. जुन्या घरात माळ्यावर चढून आढ्याला आणि वाशांना टाचणी टोचून बघा. आणि गेल्या मे महिन्यात घर कोणी शाकारलं, त्याचा फोन नंबर इसार देण्याआधी मागून घ्या.