इंटरनॅशनल हायर एज्युकेशन: फुकट आहे म्हणून हलकं समजू नका

विद्यापीठांचा कारभार, शिक्षणाचं धोरण यावर पीएचडी करताय आणि कॉलेजच्या लायब्ररीत महागडी जर्नल्स येत नाहीत, तर आधी इंटरनॅशनल हायर एज्युकेशन हे नियतकालिक उघडा. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजमधून १९९५ पासून निघतं, वर्षाला चार अंक, वाचायला पैसे नाहीत. सुरू केलं उच्च शिक्षणाचे अभ्यासक फिलिप आल्टबाख यांनी, आणि या माणसाने १९६० च्या दशकात आपल्या मुंबईतल्या विद्यार्थी राजकारणावर संशोधन केलंय, त्यामुळे मला जरा जास्तच जवळचं वाटतं.

लेख दोन-तीन पानांचे, भाषा सोपी, रँकिंग, खासगी विद्यापीठं, परदेशी जाणारी मुलं असे विषय, एसटीत बसल्या बसल्या एका देशावरचा लेख वाचून होतो. मी आधी एका भलत्याच जर्नलला पैसे भरून पेपर दिला होता, छापण्याआधी कुणी वाचून तपासलाही नाही आणि आठवड्यात छापला, अजून वाईट वाटतं त्याचं, तेव्हा हे माहीत असतं तर चांगलं लिखाण कसं असतं ते तरी कळलं असतं.

फक्त लेख छोटे असल्याने सविस्तर आकडेवारी, पद्धत मिळत नाही, प्रबंधाच्या त्या भागासाठी मोठी जर्नल्स शोधावीच लागतात. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.