दालमिलमध्ये आठ महिने : 'एचएसई' आणि 'ओशा'चं मोफत सुरक्षा-साहित्य वापरून पाहिलं

जळगावात आमची दालमिल आहे. कायमची बावीस माणसं, आणि हंगामात वाळवणीच्या बाया वेगळ्या. फेब्रुवारीत एलिव्हेटर (धान्य वर चढवणारं यंत्र) तुंबला म्हणून मशीन बंद करून एक पोरगा खाली खड्ड्यात साफ करायला उतरला. वरच्याला वाटलं लाइट आली, त्याने बटण दाबलं. पोराचा गमछा पुलीत ओढला गेला. गमछा जुना, विरलेला होता, तो फाटला म्हणून पोरगा वाचला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मार्चमध्ये सुरक्षा सप्ताहाला (४ मार्च १९६६ ला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून तो त्या दिवशी सुरू होतो) बॅनर लावून, शपथ घेऊन थांबायचं नाही असं ठरवलं. 'एचएसई' आणि 'ओशा' या ब्रिटनच्या आणि अमेरिकेच्या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्था. 'एचएसई'चा जोखीम तपासायचा कोरा फॉर्म आणि 'ओशा'ची माहितीपत्रकं उतरवून घेतली. दोन्ही फुकट आहेत.

सगळ्यात कामाचा निघाला तो फॉर्म. धोका काय, इजा कोणाला आणि कशी होईल, आत्ता आपण काय करतो, अजून काय करायला हवं, हे तर आहेच. पण त्यापुढे तीन रकाने आहेत : कोण करणार, कधीपर्यंत, झालं का. आमच्याकडे 'पट्ट्याला जाळी बसवायची' हे वर्षानुवर्षं सगळ्यांना माहीत होतं. फिरत्या भागांना कुंपण हवं हे तर १९४८ च्या कारखाने अधिनियमातच लिहिलेलं. पण 'कोण करणार'पुढे फिटरचं नाव आणि तारीख पडली, आणि तीन आठवड्यांत सहाही पट्ट्यांना जाळ्या बसल्या.

फॉर्म ऑफिसात बसून भरू नका. मी आधी तसाच भरला आणि नऊ धोके लिहिले. मग जुन्या ऑपरेटर काकांना बरोबर घेऊन फिरलो तर सव्वीस निघाले.

'ओशा'कडून घेतलेली मोठी गोष्ट म्हणजे कुलूप. मशीनमध्ये हात घालणाऱ्याने मेन स्विचला स्वतः कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. आम्ही आठ कुलपं आणली, प्रत्येकाला एकच किल्ली ठेवली, दुसऱ्या किल्ल्या मोडून टाकल्या. सोबत लाल पाटी, तिच्यावर त्या माणसाचा फोटो आणि 'आत माणूस आहे'. फोटो ही काकांची सूचना, कारण आमच्यातल्या चौघांना वाचता येत नाही. पहिले पंधरा दिवस कुरकुर झाली, कामाला वेळ लागतो म्हणून. एकदा मीच घाईत म्हणालो, दोन मिनिटांचं काम आहे, कर तसंच. ज्याचा गमछा फाटला होता तोच पोरगा म्हणाला, "भाऊ, कुलूप कोठे शे?" मी गप्प उभा राहिलो. त्याने कुलूप लावलं, मगच हात घातला.

उन्हाळ्याचं साहित्यही आमच्या उपयोगाचं आहे. तेल चोळलेली तूर खळ्यावर उन्हात पसरायची आणि पालथी करायची, तीही खान्देशातल्या मे महिन्यात. 'ओशा' सांगते, उन्हात नव्याने येणाऱ्याला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या २० टक्केच काम द्या आणि रोज २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका. म्हणजे पाचव्या दिवशी पूर्ण काम. मुकादम म्हणाला, अर्ध्या कामाची मजुरी कोण देणार? मी पूर्ण दिली. दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी हेही त्यात आहे. पण आमचा माठ ऑफिसच्या दारात, खळ्यापासून साठ पावलांवर होता. एवढ्या वेळा उठून कोण जाणार? माठ हिरव्या जाळीखाली खळ्याच्या कडेला आणला. यंदा एकाही बाईला चक्कर आली नाही. मागच्या वर्षी तिघींना आली होती.

आवाजाचा नियम सोपा आहे : दोन मीटरवरच्या माणसाशी नेहमीचं बोलताना आवाज चढवावा लागला, तर काहीतरी करायला हवं. आमच्याकडे रोलपाशी (डाळीचं साल काढायचं यंत्र) ओरडावं लागतं. कानात घालायची बोंडं आणली आहेत, पण सगळे वापरत नाहीत.

आता तक्रारी. मराठीत यातलं काही नाही. 'ओशा'चं उन्हाचं ॲप इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये आहे, ते आमच्या मुकादमाच्या काय कामाचं? चित्रांतली यंत्रंही वेगळी. रोल, चाळणी, एलिव्हेटर यांची चित्रं मीच मोबाइलवर काढून छापली. आणि सगळ्यात जास्त खटकतं ते हे : अमेरिकेत लहान मालकाने बोलावलं तर सल्लागार फुकट येऊन कारखाना पाहतो आणि दंड करत नाही. गंभीर धोका मात्र ठरल्या मुदतीत दूर करावाच लागतो. तपासणी वेगळी, सल्ला वेगळा. आपल्याकडचा लहान मालक साहेब येणार म्हटलं की आधी घाबरतो, आणि धोका दाखवण्याऐवजी झाकतो. अशी सोय एमआयडीसीत झाली तर मी पहिला अर्ज करीन.

फॉर्ममधल्या सव्वीसपैकी एकोणीस ओळींपुढे 'झालं' लिहिलंय. हमालांच्या पाठीची ओळ अजून उघडी आहे. पन्नास किलोची गोणी तीस किलोची करायला माझे व्यापारी तयार नाहीत. तुमच्यापैकी कोणाच्या मिलमध्ये हे जमलं असेल तर व्यापाऱ्यांना कसं पटवलं ते कृपया सांगा.