दादरचे गॅरेज: बॅटरीच्या दिव्याचे अचूक निदान

मुंबईतल्या हिंदमाता परिसरात साचलेल्या पाण्यातून मोटारसायकल काढल्यापासून मीटरवरचा बॅटरीचा लाल दिवा विझेना, तेव्हा पहिल्या गॅरेजने काहीही न तपासता नवी बॅटरी गळ्यात मारली आणि दिवा तसाच राहिला. दादरच्या या छोट्या गॅरेजमधील मिस्त्रींनी मात्र आधी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचे यंत्र) लावला: इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी उत्तम. परंतु रेस दिल्यावर आकडा १४ च्या आसपास जाण्याऐवजी १२.३ वर घसरला, म्हणजे चार्जिंगच होत नव्हते. स्टेटरकडून (इंजिन फिरताना वीज तयार करणारा भाग) रेग्युलेटरकडे (ती वीज बॅटरीला योग्य प्रमाणात देणारा भाग) जाणाऱ्या वायरींचा कपलर, म्हणजे जोडणीचा प्लग, उघडताच हिरवट गंज आणि एक काळवंडलेली पिन दिसली. महागडा रेग्युलेटर न बदलता त्यांनी केवळ कपलर बदलला व जुना माझ्या हातात ठेवला. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. रविवारी मात्र बराच वेळ थांबावे लागते.