तांबट आळी: एक घंगाळ, दोन पातेली आणि तांब्याच्या ग्लासातलं कोकम

आमच्या घंगाळाची, म्हणजे आंघोळीच्या पाण्याच्या तांब्याच्या मोठ्या भांड्याची, एक कडी गेल्या उन्हाळ्यात निखळली. रिवेटपाशी पाणी झिरपत होतं ते त्याच्याही आधीपासून. मी दापोडीच्या एस. टी. वर्कशॉपमध्ये 31 वर्षं फिटर होतो, त्यामुळे ‘घरीच करतो’ म्हणत आठ महिने काढले. शेवटी बायको म्हणाली, ‘अहो, तुमच्याच्यानं होणार नाही ते. तांबट आळीत न्या. आणि जाताच आहात तर ही दोन पातेलीही न्या, कल्हई पार उडालीय.’

तेव्हा हा लेख म्हणजे एका दुरुस्तीची हकीकत आहे. पुण्याच्या कसबा पेठेत, म्हणजे तांबट आळी आहे तिथं, हल्ली नवीन दुकानं बरीच आलीत, त्यांच्याबद्दल लोक भरभरून लिहितात. मी गेलो ते भांडी घेऊन, म्हणून भांड्यापासून सुरुवात.

घंगाळ गोणपाटात बांधून दापोडीला मेट्रोत चढलो. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा 29 सप्टेंबर 2024 ला सुरू झाला, तेव्हापासून दापोडीहून गाडी न बदलता कसबा पेठेत उतरता येतं. स्टेशनवरच्या रक्षकानं विचारलं, ‘काका, यात काय?’ म्हटलं, घंगाळ. ‘म्हणजे?’ गोणपाट सोडून दाखवलं. त्यानं आत वाकून पाहिलं आणि म्हणाला, ‘अच्छा, टब.’ असो. वीसेक मिनिटांत फडके हौदापाशी वर आलो. पूर्वी याच कामाला दोन बस आणि अर्धा दिवस जायचा. मेट्रोला माझ्याकडून एवढंच, पण मनापासून.

माझा जन्म कसब्यातला, कुंभारवाड्याच्या बाजूचा. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आमच्या खोल्या नदीच्या अंगाला होत्या, त्या गेल्या. चार दिवसांनी वडिलांनी चिखल उपसला तेव्हा हे घंगाळ पालथं सापडलं, वर तुळई पडलेली. काठापासून चार बोटं खाली जो लांबट पोचा आहे तो तेव्हाचा. बायकोला तो पोचा कधीच आवडला नाही. ‘नेताच आहात तर तेवढा काढून आणा’ हीसुद्धा ऑर्डर होतीच.

आळीत शिरण्याआधी तिच्याबद्दल थोडं. कसबा ही पुण्यातली सगळ्यांत जुनी पेठ. ज्याला जे काम, त्याची तिथं आळी: शिंपी आळी, कागदीपुरा, कुंभारवाडा आणि तांबट आळी. तांबट, म्हणजे तांब्याची भांडी घडवणारी मंडळी, पेशवाईत कोकणातून इथं आली. पुढे घरोघरचे बंब, हंडे, कळश्या, घंगाळी याच गल्लीतून जायची. मग स्टीलची भांडी आली, बंबाच्या जागी गिझर बसला आणि काम आटत गेलं. लहानपणी सुट्टीत दुपारी झोप लागायची नाही इतके ठोके चालायचे. तांबट पक्ष्याला तांबट का म्हणतात हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही; झाडावरचा आणि गल्लीतला ठोका एकाच चालीचा. आता मात्र आळीच्या तोंडाशी जरा उभं राहिलं तरच कळतं की कुठून तरी आवाज येतोय.

मी ज्या कारखान्यात गेलो त्याला पाटी नाही. कारखाना म्हणजे वाड्याची पुढची खोली, जमिनीत रोवलेला ठोकळा, भिंतीला टेकवलेल्या वाकड्या लोखंडी कांबी आणि वीसेक हातोड्या. कारागीर पन्नाशीचा असेल. त्यानं घंगाळ हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, फिरवलं आणि आधी काय विचारावं? ‘ह्या रिवेटला कुणी हात लावला होता?’

मी गप्प.

‘ॲल्युमिनियमचं घातलंय. तांब्याला तांब्याचंच लागतं. ओल लागली की तांबं ह्याला खाऊन टाकतं.’

31 वर्षं रिवेट मारलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं, आणि बरोबर होतं म्हणून ऐकलं. त्यानं माझी दोन्ही रिवेटं छिन्नीनं उडवली, भोक साफ केलं, आतून तांब्याची चकती दिली आणि तांब्याचं रिवेट मारून कडी बसवली. झिरपत होतं तिथं डाक दिला, म्हणजे धातू वितळवून फट बुजवली. डाक देताना ज्योत किती जवळ न्यायची आणि कधी काढून घ्यायची याचं त्याच्याकडे काही मोजमाप नव्हतं, तो फक्त रंग बघत होता. आमच्या वर्कशॉपमध्ये असा हात असलेली दोनच माणसं होती, आणि दोघंही साहेबांना उलट बोलायची.

मग मी पोच्याचं काढलं. त्यानं अंगठा आतून आणि बोटं बाहेरून लावून तो पोचा तीन-चार वेळा चाचपला. म्हणाला, ‘काका, हा नाही काढणार. इथं पत्रा ताणून पातळ झालाय आणि मधोमध घडी पडलीय. मठारला, म्हणजे ठोकून सारखा केला, तर घडीवर चिरेल. मग ठिगळ मारावं लागेल, त्याचे पैसे मला मिळतील, पण भांडं वाया जाईल.’ मी म्हटलं, तापवून मऊ करून बघा. त्यावर तो हसला. ‘तापवला की मऊ होईल, जाड थोडाच होणारे?’

खरं आहे. तांबं ठोकून ठोकून कडक होतं, लाल करून पाण्यात विझवलं की परत मऊ पडतं; म्हणून तर एका हंड्याला पाच-सहा वेळा भट्टी दाखवावी लागते. पण गेलेली जाडी भट्टी परत देत नाही. मिळणाऱ्या कामाला ‘नको’ म्हणणारा दुकानदार मला पुण्यात फार दिवसांनी भेटला. (‘नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, ते वेगळं. दुपारी एक ते चारमध्ये जाऊन बघा.)

कल्हई, म्हणजे भांड्याला आतून कथलाचा थर, तो स्वतः देत नाही; शेजारच्या बोळात एक जण करतो. पातेलं भट्टीवर तापवायचं, नवसागर भुरभुरला की पांढरा धूर नाकात जातो, मग कथलाची कांडी टेकवायची आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्यानं एका फेऱ्यात फिरवायचं. कथील 232 अंशांनाच वितळतं, त्यामुळे इथं ताकदीचं काम नाही, वेळेचं आहे. जरा उशीर झाला तर डाग राहतो. माझ्या एका पातेल्याला बुडाशी तसा डाग राहिला. दाखवल्यावर कुरकुर न करता पुन्हा भट्टीवर चढवलं. कथलात शिसं मिसळून स्वस्तात करणारेही असतात, म्हणून बायकोनं पांढरं फडकं बरोबर दिलं होतं. पुसून पाहिलं, काळं आलं नाही. दोन पातेल्यांचे 700 रुपये, घंगाळाचे 850. घंगाळ दोन दिवसांनी मिळेल, असं कारागीर म्हणाला.

काम होईपर्यंत नवीन मंडळींकडे चक्कर मारली.

आळीतच एका घराच्या ओट्यावर आता काचेचं शोरूम झालंय. घरचीच सून चालवते. तांब्याचे दिवे, ट्रे, कुंड्या, पाण्याचे जग. वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या पुणे शाखेनं इथल्या कारागिरांबरोबर नवीन डिझाइनचं काम सुरू केलं आणि स्टुडिओ कॉपरसारख्यांनी आळीतला माल शहरातल्या घरांत पोचवला, त्याच वाटेनं हे छोटं दुकान निघालंय. आधी मी नाक मुरडलं. दिवा सहा हजारांना! मग तो उलटा करून पाहिला. मठारकाम सरळ ओळीत, प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याला जरासा चढलेला, काठ दुमडलेला पण कुठं धार नाही. हे हाताला एका दिवसात येत नाही आणि सहा हजारांत कुणी श्रीमंतही होत नाही. मी त्या मुलीला विचारलं, याची तोटी गळली, कडी निघाली तर? ती म्हणाली, ‘मागच्या खोलीत सासरे बसतात, घेऊन या.’ हे उत्तर मला सगळ्यात आवडलं. कुठल्याही नव्या दुकानाला आता मी हाच प्रश्न विचारतो. जिथं मागची खोली आहे तिथं पैसे द्यायला माझा हात आखडत नाही.

मग कॅफे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार आहे आणि पोरं तरुण आहेत. आळीपासून दीडशे पावलांवर जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आहे. वाडा छान राखलाय, हे आधी सांगतो. खांब, कोनाडे, चौकातलं तुळशीवृंदावन, काही हलवलेलं नाही. चुन्याच्या भिंतीवर ऑइलपेंट मारायचा मोह आवरलाय. थालीपीठ बरं, लोणी खरं, कॉफी गरम. खुर्च्या मात्र आपल्या वयाच्या गुडघ्यांसाठी नाहीत.

मी कोकम सरबत मागवलं. आलं ते तांब्याच्या ग्लासात. आत पाहिलं तर कल्हई नाही, लखलखीत तांबं. आंबट पदार्थ आणि उघडं तांबं! पोराला बोलावलं. म्हणाला, ‘काका, तांब्यातलं हेल्दी असतं.’ म्हटलं, बाळा, पाणी वेगळं आणि कोकम वेगळं; आंबट लागलं की तांबं सुटून पोटात जातं, म्हणून तर आपल्या आज्या चिंचेनं हंडा घासायच्या. त्याला पटलं नाही, पण काचेच्या ग्लासात आणून दिलं. रिकामा ग्लास मी उलटा केला. बुडाला उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादचं स्टिकर, आणि वरचे ‘ठोके’ सगळे एका मापाचे, एका अंतराचे, प्रेसमधून काढलेले. भिंतीवर तांबट आळीतल्या हातोड्यांचा मोठा फोटो, आणि हातात हा ग्लास. काउंटरवरच्या मुलीला शोरूमचा पत्ता कागदावर लिहून देऊन आलो.

आळीचं म्हणाल तर परिस्थिती मिश्र आहे. स्टेशनमुळे पायी येणारे वाढलेत. दुचाक्या मात्र दोन्ही बाजूंना अशा लावतात की हंडा घेऊन जाणाऱ्याला आडवं चालावं लागतं. जुने वाडे पाडून इमारती झाल्या, आणि कारागीर सांगत होता की वरच्या मजल्यावरच्या एका नव्या बिऱ्हाडानं ठोक्यांच्या आवाजाची तक्रार केलीय. तांबट आळीत घर घ्यायचं आणि तांबट नको, असा तो मामला. त्यानं भांडण न करता दुपारी दोन ते चार हातोडी बंद ठेवायला सुरुवात केली. त्या वेळात डाकाचं काम करतो, त्याला आवाज नाही.

घंगाळ आणायला दोन दिवसांनी गेलो तेव्हा परत कॅफेत डोकावलो. सरबतं काचेच्या ग्लासात होती. तांब्याचे ग्लास होते, पण पाण्यासाठी, आणि तेच मुरादाबादी. निम्मं काम झालं म्हणायचं.

कारखान्यात पैसे मोबाइलवरून घेतात, भांडं वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधून देतात, बिल मागितलं तर वहीचं पान मिळतं. मोठं भांडं असेल तर गोणपाट घरून न्या. रविवारी जाऊ नका, आणि सकाळी अकराच्या आत जाल तर कारागिराला तुमच्याशी बोलायला वेळ असेल.

घरी बायकोनं घंगाळ न्हाणीत पेपरावर ठेवलं, काठोकाठ भरलं आणि रात्रभर तसंच राहू दिलं. सकाळी पेपर उचलला तर कोरडा. कडीला धरून दोनदा हिसका देऊन पाहिला. मग पोच्यावरून हात फिरवत म्हणाली, ‘हा राहिलाच की.’ मी पत्र्याची जाडी, घडी, भट्टी सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि घंगाळ फिरवून पोचा भिंतीकडे करून ठेवलं.