यँकोविकचं खोटं चरित्र: १९८५चं बघावं की २०२२चं?

अमेरिकन गायक 'वियर्ड अल' यँकोविकची विडंबनगीतं ऐकली आहेत, आता त्याच्या आयुष्याची थट्टाही बघायची आहे. पण 'द कंप्लीट अल' (१९८५) लावावा की 'वियर्ड: द अल यँकोविक स्टोरी' (२०२२), असा पेच असेल तर माझं मत सांगतो. दोन्ही बघितलेत. परत परत लावतो तो मात्र एकच.

आधी नवा. डॅनियल रॅडक्लिफ अल झालाय, त्यामुळं घरातली हॅरी पॉटरवाली पोरंही समोर बसतात. यात टिंगल अलची कमी, गायकांवरच्या चरित्रपटांची जास्त: जाच करणारा बाप, सँडविच करता करता सुचलेलं गाणं, प्रसिद्धी, दारू, उतरती कळा. सगळं धादांत खोटं. खरा अल व्यसनांपासून चार हात लांब राहिलेला सरळमार्गी माणूस. 'ईट इट' हे मायकल जॅक्सनच्या 'बीट इट'चं अलनं केलेलं विडंबन, आणि त्यासाठी जॅक्सननं परवानगी दिली होती. इथं 'ईट इट' अलचंच मूळ गाणं, आणि जॅक्सननं त्यावरून 'बीट इट' बेतलं! एवढ्या एका उलटापालटीवर मी पोट धरून हसलो. पुढं मॅडोनाशी प्रेमप्रकरण होतं, कोलंबियाचा ड्रगमाफिया पाब्लो एस्कोबारही येतो. तिथं मला ताणल्यासारखं वाटलं. काहींना तेच सगळ्यात आवडतं.

जुना व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यातला. दिग्दर्शकांपैकी जे लेव्ही हा अलचाच मॅनेजर. नाव बीटल्सवरच्या एका गंभीर माहितीपटावरून उचललेलं. यात खरं आणि खोटं असं कालवलंय, की कुठं हसायचं ते कळायला वेळ लागतो. शिवाय गोष्ट थांबते आणि अख्खं गाणं लागतं, पुन्हा थांबते, पुन्हा गाणं. मूळ गाणं माहीत नसेल तर बसल्या जागी चुळबुळ होते, हे कबूल. आपल्याकडं भजनी मंडळ सिनेमाच्या चालीवर अभंग धरतं तेव्हाही मूळ चाल ओळखणाऱ्यालाच गालात हसू येतं, तसलाच प्रकार.

एवढं असून माझं पारडं फिरलं ते आवाजामुळं. नव्यात तोंड रॅडक्लिफचं आणि गळा यँकोविकचा. रॅडक्लिफ अकॉर्डियनवर, म्हणजे गळ्यात अडकवायच्या भात्याच्या पेटीवर, बोटं फिरवायला शिकला, मेहनत दिसते, पण तो गायला लागला की साठी ओलांडलेल्या माणसाचा आवाज येतो. एकदा हे ध्यानात आलं की मग सुटत नाही. पार्श्वगायन आपण हिंदी सिनेमात रोजच चालवून घेतो, मग इथंच का खुपावं? कारण अलचा विनोद नुसत्या शब्दांत नाही. ओळ म्हणताना तोंड वाकडं होतं, डोळे बाहेर येतात आणि त्याच क्षणी आवाज चिरकतो, हे तिन्ही एकाच माणसाचं लागतं. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. गाणारा नट स्वतः गाणार, ही अपेक्षा आमच्या हाडीमाशी असावी. त्यात रामभाऊ विजापुऱ्यांनी पेटी शिकवलेलं बेळगाव हे माझं गाव. भाता मारणारा आणि गाणारा वेगळे निघाले की बेळगावकराचं लक्ष जाणारच.

जुन्यात ही भानगडच नाही. पंचविशीतला अल, त्याचाच गळा, त्याचाच अकॉर्डियन. लाल जॅकेट घालून जॅक्सनची ऐट मारत तो 'ईट इट'मध्ये खाण्यावरून दटावतो, आणि स्वतः जराही हसत नाही.

माझा कान जरा जास्तच चिकित्सक असेल, तेवढं वजा करून घ्या. चार जण जमवून बसणार असाल तर नवा लावा, कुणी कंटाळणार नाही. एकटेच असाल तर मी तरी जुनाच सांगेन. फक्त आधी 'बीट इट'चा मूळ व्हिडिओ एकदा नीट बघा, टोळ्यांच्या मारामारीसकट.