मलेरियाची रॅपिड टेस्ट : पश्चिम केनियातील वापरानंतरचा अभिप्राय

पश्चिम केनियात, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या सियाया भागात मलेरियाचे घरोघर सर्वेक्षण करताना माझ्या पिशवीतून सर्वांत जास्त वेळा बाहेर निघालेली वस्तू म्हणजे मलेरियाच्या फॅल्सिपेरम या घातक जातीच्या परजीवीचे एचआरपी-२ हे प्रथिन रक्तात ओळखणारी रॅपिड टेस्ट. साथरोगशास्त्रात येऊ पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी ती नीट समजून घ्यावी, कारण पुढची सारी आकडेमोड या बोटभर लांबीच्या कॅसेटवर, म्हणजे चाचणीच्या चपट्या प्लास्टिक डबीवर, उभी असते.

वापर सोपा आहे. बोट टोचून घेतलेले ५ मायक्रोलिटर रक्त एका खाचेत आणि बफर या द्रावाचे थेंब दुसऱ्या खाचेत टाकले की साधारण १५ ते २० मिनिटांत निकाल कळतो. वीज लागत नाही, सूक्ष्मदर्शक लागत नाही. आईच्या मांडीवरचे मूल रडून शांत होते तोवर, मलेरिया असल्यास, त्याची रेघ उमटलेली असते आणि त्याच अंगणात औषध सुरू करता येते. आफ्रिकेत मलेरियाने दगावणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले असतात, तेव्हा या वीस मिनिटांचे मोल फार मोठे आहे.

उणीव मात्र गंभीर आहे. परजीवी मेले तरी हे प्रथिन रक्तात काही आठवडे रेंगाळते. एका घरी, तीन आठवड्यांपूर्वी आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन या मलेरियावरील औषधाच्या सगळ्या गोळ्या घेतलेल्या मुलीची रेघ ठळक आली. तिच्याच रक्ताची काचपट्टी, परजीवी दिसावेत म्हणून वापरतात त्या जिम्सा रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर एकही परजीवी सापडला नाही. त्यामुळे मागील महिन्यातील औषधोपचाराची चौकशी केल्याशिवाय आणि सोबत काचपट्टी घेतल्याशिवाय केवळ या चाचणीवरून प्रादुर्भावाचे प्रमाण मांडू नये, असे माझे ठाम मत आहे. याउलट, रक्तात परजीवी फारच थोडे असतील तर चाचणी ते हमखास पकडेलच असे नाही.

हाताळणीबद्दलही सांगायला हवे. आमच्याकडे आलेल्या एका खेपेतील ड्रॉपर गरजेपेक्षा जास्त रक्त ओढत, कॅसेटमधील पट्टी लालभडक होई आणि फिकट रेघ वाचणे कठीण जाई. ती सर्व पाकिटे आम्हाला बाजूला ठेवावी लागली. पाकीट आधी फोडून ठेवले तर दमट हवेने पट्टी खराब होते, म्हणून रुग्ण समोर बसल्यावरच ते फोडावे.

केनियातील आमच्या कामासाठी मी हीच चाचणी पुन्हा घेईन. इरिट्रियात मात्र हे प्रथिन बनवणारे जनुकच गमावलेले परजीवी, जे या चाचणीला दिसतच नाहीत, इतके आढळले की २०१६ मध्ये तेथे दुसऱ्या प्रकारची चाचणी स्वीकारावी लागली. हॉर्न ऑफ आफ्रिकेत, म्हणजे इरिट्रियाच्या आसपासच्या ईशान्य आफ्रिकेत, काम करणाऱ्यांनी परजीवीचेच एलडीएच हे दुसरे प्रथिन ओळखणारी चाचणी निवडावी. आपल्याकडे गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत मलेरिया परजीवीची व्हायव्हॅक्स ही दुसरी जातही असल्याने दोन्ही जाती ओळखणारी चाचणीच लागते. चाचणी कोणतीही असो, रक्त टाकल्याची वेळ कॅसेटवरच लिहून ठेवावी; निकाल वाचण्याची मुदत उलटून गेल्यावर दिसलेली रेघ मी नोंदवहीत धरत नाही.